गडवा खाली ठेवेपर्यंत

१

माझं डोकं तापट आहे, हे आधीच सांगून टाकते. माहेरी, पिपरी मेघेला, आई म्हणायची की या पोरीचा राग सदा नाकाच्या शेंड्यावर. असू दे. कारंजा घाडग्याला मे महिन्यात ज्या बाईने माझ्या सासरी चुलीपुढे दुपार काढली असती, तिच्या नाकावर काय मोर नाचला असता?

आमचं घर गावात नाही. हायवेवर माझ्या नवऱ्याचं, हेमराजचं, ट्रकच्या सामानाचं दुकान आहे. तिथून आत शिरलं की संत्र्याचा बगीचा, अन् बगीच्याला लागून घर. पुढे ओसरी, अंगणात कडुनिंब, मागे विहीर. उन्हाळ्यात नाला आटला की साऱ्या शिवारातली पाखरं आमच्या कडुनिंबावर मुक्कामाला यायची. सातभाई, बुलबुल, साळुंक्या, होले, कोतवाल, चिमण्या. बुंध्यावर खारी, कुंपणाशी एखादं मुंगूस. संध्याकाळी बगीच्याच्या कडेला रोही यायचे, म्हणजे नीलगायी, अन् नुसते उभे राहून घराकडे बघायचे. दुपारभर कुठेतरी तांबट टुक टुक करत बसायचा. माझी मुलगी आचल तेव्हा दुसरीतून तिसरीत गेली होती. सुट्टी लागली की ती खिडकीच्या जाळीला नाक लावून बसायची, अन् कोण आलं, कोण गेलं, ते मला स्वयंपाकघरात ओरडून सांगायची. ही सवय तिला तिच्या आबाजींनी लावली.

आबाजी म्हणजे माझे सासरे, महादेवराव. मी त्यांना मामाजी म्हणायचे. दोन हजार एकच्या थंडीत ते वारले. मी सांगतेय ती गोष्ट त्याच्या पुढच्या उन्हाळ्याची.

मामाजींना पाखरांचं भारी वेड. कडुनिंबाखाली मातीचं पसरट परळ ठेवलेलं असायचं. दुपारी दुकानातून आले की ते स्वतःच्या हाताने भरायचे, अन् ओसरीवरच्या आरामखुर्चीत बसून पाखरं पाणी पिताना बघायचे. सारं गाव म्हणायचं, काय देवमाणूस आहे! अन् या देवमाणसाच्या घरात नेम असा, की दुपारी त्यांनी पाणी प्यायल्याशिवाय कोणी पाण्याला हात लावायचा नाही. पाखरांचं बघून झालं की ते मला हाक मारायचे. मी त्यांचा पितळी गडवा, म्हणजे लोटा, भरून द्यायचे. ते सावकाश प्यायचे, मध्ये थांबून बगीच्याकडे बघायचे, पुन्हा प्यायचे. मग गडवा फरशीवर ठेवायचे. ठण्. तो आवाज आला की घर मोकळं. आधी हेमराज, मग आचल, मग आत्याबाई, म्हणजे माझ्या सासू सुमित्राबाई. सगळ्यांत शेवटी मी.

बहार धरावा म्हणून उन्हाळ्यात संत्र्याच्या झाडांचं पाणी तोडतात, त्याला आमच्याकडे ताण देणं म्हणतात. मामाजी हसून म्हणायचे, "झाडाले ताण देतो ना आपन? तसाच मान्साले बी थोडा देल्ला पायजे." स्वतःला मात्र कधी दिला नाही.

आचल पोटात होती तेव्हा एकदा मी त्यांच्याआधी दोन घोट प्यायले. त्यांनी बघितलं. उठले, माठ उचलला, अंगणात नेऊन पालथा केला, अन् रिकामा माठ माझ्या पुढ्यात आणून ठेवला. बाहेर ऊन असं की कुत्रं निघत नव्हतं. मी पोट सांभाळत विहिरीवर गेले. आजही ते आठवलं की माझ्या हातातलं भांडं आपटलं जातं.

२

आखजीला, म्हणजे अक्षयतृतीयेला, गेलेल्या माणसाच्या नावाने पाण्याची नवी घागर भरतात. पितर जेवले की ती भरलेली घागर कोणाला तरी देऊन टाकायची. घरात ठेवायची नाही. त्यात काही मोठं शास्त्र नाही, लहान पोरालाही ठाऊक असतं. आत्याबाईंनी सकाळी घागर भरली, तोंडावर नवं परळ ठेवलं, परळात खरबूज. देवळाजवळच्या यशोदाबाई घागर न्यायला ओसरीवर येऊन बसल्या, तशी आत्याबाईंनी घागर पदराआड घेतली.

"नाई देत," त्या म्हणाल्या. "त्याइच्या नावाचं पानी दुसऱ्याच्या घरी काऊन जावं? त्याइले पाखरं लय आवडे. पाखराइले पाजीन मी."

"असं करू नका, सुमित्राबाई," यशोदाबाई म्हणाल्या. "देऊन टाका लागते ते."

आत्याबाई ऐकेनात. यशोदाबाई माझ्याकडे बघत होत्या, की सुनेने दोन शब्द बोलावेत. मला आमरस काढायचा होता, वडे तळायचे होते. म्हटलं, ठेवा बाप्पा कुठी ठेवायची ते. एका घागरीने माझं काय जाणार होतं?

घागर कडुनिंबाखाली वाळूत बसली. रोज आत्याबाई ती भरायच्या, अन् दुपारी तिच्यातलं पाणी परळात ओतायच्या.

मे चढला. एका दुपारी माझ्या ध्यानात आलं की आचल ओरडून काही सांगत नाही.

"काऊन गं, आज पाखरं नाई आली का?" मी भाकरी थापता थापता विचारलं.

"आले. सगळे आले. पन पिऊन नाई राह्यले."

मी हात पुसत खिडकीशी गेले. कडुनिंबाखाली सगळी पाखरं जमिनीवर उतरून बसली होती. परळाभोवती, पण परळापासून लांब, गोल करून. चोची उघड्या, गळे धडधडतायत, पंख अंगापासून सोडलेले. सातभाई म्हणजे भिशीला जमलेल्या बायका, एक क्षण गप्प राहतील तर शपथ. तेही गप्प. तांबटसुद्धा थांबला होता. मध्ये परळ काठोकाठ भरलेलं. सगळ्यांची तोंडं परळाकडे.

"कोनाची वाट पाहून राह्यले हे?"

"त्याचं झालं नाई अजून," आचल म्हणाली.

"कोनाचं?"

"जो पिऊन राह्यला त्याचं."

साप असेल असं मला वाटलं. काठी घेऊन बाहेर गेले. पाखरं उडाली नाहीत, नुसती सरकून मला वाट दिली. परळाशी काही नव्हतं. साप नाही, मांजर नाही, वर आभाळात ससाणा नाही. पाणी मात्र काठापासून बरंच खाली गेलं होतं. ऊन आहे, वाफ होते, बी. ए. झालेली बाई मी, एवढं मला कळतं. मी परत फिरले, ओसरीवर चपला काढल्या, तोच मागे एकदम कलकलाट झाला. सगळी पाखरं परळावर तुटून पडली होती.

३

मग ते रोजचंच झालं. मी म्हटलं, नव्या मातीचा वास येत असेल. म्हणून शेजारी स्टीलची परात भरून ठेवली. परातीतलं पाणी चहासारखं तापलं, पण एकही चोच तिकडे वळली नाही. म्हटलं, झाडात घुबड असेल. काठीने फांद्या झोडपल्या. पिवळी पानं तेवढी पडली.

अन् एक गोष्ट बघितली, तिने माझं टाळकं सरकलं. वाट बघून झाली की पहिला उतरायचा तो कोतवाल, मग साळुंक्या, मग बाकीचे. चिमण्या शेवटी. त्यांतही काळ्या गळ्याचा चिमणा आधी प्यायचा. त्याची चिमणी बाजूला धापा टाकत उभी, अन् तो उडाला की मग ती. आता मला कोणी चिमण्या शिकवू नये. लग्न झाल्यापासून या अंगणात झाडू मारतेय. नर अन् मादी परळाच्या काठावर धक्काबुक्की करत एकत्र पितात, हे मी शंभरदा बघितलंय. हे शिस्तीत पिणं त्यांना कोणी शिकवलं? मी जाळीवर हात आपटून ओरडले, "पे ना गं, मेले! काऊन थांबली?" चिमणीने माझ्याकडे बघितलंही नाही.

त्याच दुपारी फांदीवरून एक होला टपकन खाली पडला. परळ तिथून हातभर. पाय दुमडून पडला तो हललाच नाही.

हेमराज जेवायला बसला होता. मी त्याच्यापुढे जाऊन उभी राहिले.

"अजी, पाखरं मरून राह्यले अंगनात."

"सत्तेचाळीस डिग्री आहे. मरतीलच."

"पानी समोर असून मरून राह्यले ते!"

"मंग मी काय करू? एकेकाच्या चोचीत चमचा घालू?" तो हसला. माझा नवरा वाईट नाही. पण ज्याला घरात कधी शेवटी प्यावं लागलं नाही, त्याला असलं काही दिसत नाही, त्याला मी तरी काय करू?

लाइट गेलेली होती. लोडशेडिंगने दुपारचीच वेळ धरली होती. कूलर बंद, खिडक्यांची दारं लोटलेली, घरात सगळीकडे कोंदट अंधार. अशात माजघरातून आवाज आला. ठण्.

हेमराजचा हात उचलला गेला अन् त्याने पाण्याचा ग्लास तोंडाला लावला. एका दमात संपवला. मी बघतच राहिले. त्याचं अर्धंअधिक जेवण झालं होतं, ठेच्याने कपाळावर घाम होता, अन् तोवर ग्लास तसाच भरलेला होता. मग मला कळलं की माझ्याही हातात तांब्या आहे, अन् मीही पितेय.

"मांजर असन," तो म्हणाला.

आमच्याकडे मांजर नाही. उठून माजघरात गेले तर आत्याबाई भिंतीकडे तोंड करून झोपल्या होत्या. मामाजींचा गडवा आत्याबाईंच्या लोखंडी पेटीत होता, पेटीला कुलूप होतं, अन् किल्ली त्यांच्या कमरेला.

४

पाखरांचं मी सोडून दिलं असतं. खरं सांगते, मला पाखरांचं वेड कधीच नव्हतं. त्यांना मिळालेलं पाणी बघून माझा जीव जळायचा. पण मग आचलने सुरू केलं.

दुपारी ती खिडकीत बसलेली. तोंड उघडं. आधी वाटलं, सर्दीने नाक चोंदलं असेल. जवळ गेले तर गळा धडधडताना दिसला. बाजूला मी मघाशी दिलेला ग्लास तसाच भरलेला.

"पानी पे, आचल."

"नाई. झालं नाई अजून."

"कोनाचं झालं नाई? थोबाड फोडीन. पे म्हनते ना!"

"मम्मी, हळू बोल," ती घाबरून म्हणाली. "तू चिल्लावली का तो अजून हळू पिते."

मी तिचं डोकं धरून ग्लास तोंडाला लावला. तिने दात आवळले. पाणी हनुवटीवरून फ्रॉकवर सांडलं, अन् ते बघून ती अशी रडायला लागली, जशी काही मी तिच्याकडून चोरी करवत होते. ओठांना भेगा पडल्या होत्या. मी बाजूच्या डब्यावर तांब्या आपटला. घे, झालं, वाजलं. तिने मान हलवली. "तसं नाई. पेल्यावर वाजते ते." बऱ्याच वेळाने माजघरात ठण् झालं, तशी तिने ग्लास उचलला अन् ठसका लागेपर्यंत प्यायली.

दुसऱ्या दिवशी हे वाट बघणं लांबलं. तिसऱ्या दिवशी आणखी. गावातल्या डॉक्टरांकडे नेलं. ते म्हणाले, ऊन लागलंय, मीठ-साखरेचं पाणी देत राहा, दुपारी बाहेर सोडू नका. आता यांना काय सांगू? पोरगी घरातच असते, पाणी हातातच असतं, अन् ती पीत नाही? दवाखान्यात सकाळी मात्र तिने मुकाट्याने दोन ग्लास रिचवले. डॉक्टर माझ्याकडे असे बघायला लागले, जशी काही मीच तिला तहानलेली ठेवते.

घरी येऊन मी आत्याबाईंना धरलं. "ते घागर फेका. नाईतर यशोदाबाईले देऊन या. आजच्या आज."

"त्याइच्या नावाची हाय."

"म्हनूनच म्हनते!"

आत्याबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. "जनमभर त्याइच्या आधी पेली नाई मी," त्या हळूच म्हणाल्या. "आता तरी पेऊ दे त्याइले सुखानं."

"अन् माही पोरगी?"

त्यांनी तोंड माझ्याकडे वळवलं. त्यांच्याही ओठांना भेगा होत्या. म्हणजे त्यांनाही माहीत होतं, अन् त्याही थांबत होत्या. मला इतका संताप आला की मी त्यांच्यासमोर उभीच राहू शकले नाही. हेमराजला सांगितलं, उद्या सकाळच्या बसने मी आचलला घेऊन पिपरीला जाते. तो म्हणाला, जा, चार दिवस हवापालट होईल. सकाळी आचलला ताप भरला. अंग तव्यासारखं. हेमराज जीप बघतो म्हणून हायवेवर गेला, तो दुपार झाली तरी आला नाही.

५

लाइट गेली. आचल अंथरुणातून उठून खिडकीशी जाऊन बसली. मी ग्लास भरला, चमचा घेतला, गोड बोलले, शिव्या दिल्या, पाया पडले तिच्या. तोंड उघडं, जीभ पांढरी, पण चमचा जवळ आला की दात घट्ट. डोळे कडुनिंबाकडे.

बाहेर तोच गोल. आज त्या गोलात मेलेली पाखरंही होती, अन् जिवंत पाखरं त्यांच्यामध्येच बसली होती. कुंपणाच्या आत रोही उभे होते, भर दुपारी. पुढे एक काळा नर, मागे मादी अन् तिचं पिल्लू. रोही दिवसाढवळ्या अंगणात कधी येत नाहीत. तेही परळाकडे बघत होते.

मी ओसरीवरचं मुसळ उचललं अन् अनवाणीच अंगणात उतरले. तळपाय भाजले, ते रात्री कळलं.

"किती पेता?" मी ओरडले. "अजून किती पेता, मामाजी? जिवंतपनी पुरलं नाई? मले ठेवलं तहानेलं, बायकोले ठेवलं, आता माह्या लेकरावर आले? देवमानूस म्हनते लोक तुमाले! थू!"

नाव तोंडातून गेलं अन् माझीच मला लाज वाटली. शिकलीसवरलेली बाई, डोक्यावर पदर नाही, भर उन्हात झाडाशी भांडतेय. पण थांबले नाही. मुसळ घातलं ते घागरीवर. घागर फुटली, पाणी वाळूत शिरलं. दुसरा घाव परळावर. खापऱ्या उडाल्या.

एकही पाखरू उडालं नाही.

एवढा आवाज झाला, तरी एकही नाही. मग त्यांच्या माना वळायला लागल्या. सगळ्यांच्या, एकदम, सावकाश. मांडवात नवरदेव शिरतो तेव्हा पाहुण्यांच्या वळतात, तशा. कडुनिंबापासून तुळशीपर्यंत. तुळशीपासून ओसरीपर्यंत. रोह्यांच्याही. ओसरीच्या पायऱ्यांशी माना जरा थांबल्या. मामाजींचे गुडघे दुखायचे. पहिल्या पायरीपाशी ते असेच थांबायचे, खांबाला हात लावायचे, अन् मग चढायचे.

माना पुन्हा हलल्या. ओसरी ओलांडून घराच्या दारापर्यंत गेल्या अन् तिथेच थिजल्या. दार मी उघडंच टाकून आले होते.

६

मी धावत आत गेले. उन्हातून आल्याने काही दिसेना. खिडकीत आचल नव्हती.

ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर बसली होती. पाय पोटाशी, तोंड वर, उघडं. तिच्याशेजारी भिंतीला पाठ लावून आत्याबाई उभ्या होत्या, पदर कपाळापर्यंत ओढलेला, नजर जमिनीकडे. वर्षानुवर्षं उभ्या राहिल्या, तशाच.

आत घडवंचीवर माठ होता. सकाळीच भरलेला. माठाला बाहेरून ओल सुटते. पाणी जिथवर, ओल तिथवर. ती काळी ओल खाली सरकत होती. झाकणी जागची हलली नव्हती, थेंब सांडत नव्हता, अन् ओल सरकत होती. थोडी सरकायची, थांबायची, पुन्हा सरकायची. मध्ये कोणी बगीच्याकडे बघत असावं, तशी.

आत घुसून माठ उचलावा असं मला वाटलं. पण उंबऱ्यावर माझे पाय थांबले. मी थांबवले नाहीत, ते थांबले. अन् माझा उजवा हात वर गेला, अन् त्याने माझ्या डोक्यावर पदर ओढला.

त्या पदराचा जेवढा राग आला तेवढा मला आयुष्यात कशाचाच आला नाही. मी तो असा खेचला की खांद्याची पिन तुटली. आचलकडे बघितलं. तिचा श्वास आता आवाज करायला लागला होता. ओल माठाच्या पोटाखाली गेली होती. आता मला कळत होतं की हे पिणं संपायचं नाही. माठ संपेल, मग विहीर आहे, मग नाला. ते पीत राहील अन् माझी पोर वाट बघत राहील.

"आत्याबाई, गडवा काढा."

"हर्षा..."

"गडवा काढा म्हनते! नाईतर पेटी फोडते मी!"

आत्याबाईंच्या हातून किल्ली दोनदा पडली. त्यांनी पेटी उघडली. गडवा मामाजींच्या जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळलेला होता. इतक्या महिन्यांचं बंद कुलूप, अन् फडकं ओलंचिंब. गडवा हातात घेतला तर थंडगार लागला.

मग मी उंबरा ओलांडला. भरल्या बसमध्ये दोन माणसांच्या मधून घुसावं, तसं आत शिरावं लागलं. तिथे कोणी नव्हतं. मला तरी कोणी दिसलं नाही. मी झाकणी फेकली, माठ कलता केला अन् तळाचं सगळं पाणी गडव्यात ओतलं. तो काठोकाठही भरला नाही. माठातलं पाणी तेवढंच उरलं होतं, अन् विहिरीवर आता मोटार होती, ती लाइट येईपर्यंत चालणार नव्हती.

मला एकच घोट घ्यायचा होता. एक घोट, मग ठण्, मग सगळं पाणी आचलचं.

मी गडवा तोंडाला लावला.

ती तहान माझी नव्हती. मीही सकाळपासून प्यायले नव्हते, पण मला माझी तहान माहीत आहे, इतकी वर्षं मी तिच्यासोबत काढलीत. ही वेगळी होती. तिला तळच नव्हता. पाणी गोड लागत होतं अन् मी पीत होते. आचल समोर बसून बघत होती, तोंड उघडं टाकून, हे मला दिसत होतं. आत्याबाई खाली मान घालून माझ्यासाठी उभ्या होत्या, हेही दिसत होतं. अन् सांगायला जीभ जड होते, पण ते बघून बरं वाटत होतं. मी मध्ये थांबले. खिडकीतून बगीच्याकडे बघितलं. पुन्हा प्यायले.

"मम्मी," आचल म्हणाली. आवाज नव्हताच तिला, नुसते ओठ हलले.

मनगटात आकडी यावी तसा माझा हात ताठला होता. मी दुसऱ्या हाताने तो हात धरला अन् खाली ओढला. गडवा फरशीवर टेकवला.

ठण्.

बाहेर पाखरांचा कल्लोळ झाला. आचल उंबऱ्यावरून सरपटत आत आली, दोन्ही हातांनी गडवा धरला अन् तळाशी उरलेलं पाणी प्यायली. फारसं नव्हतं. पण ती ते प्यायली. मग हेमराज जीप घेऊन आला, मग सलाइन, मग दोन दिवस दवाखाना. पोरगी वाचली.

७

आचल आता दहावीला आहे. अजूनही दुपारी खिडकीत बसून पाखरं बघते, त्यांची नावं मला सांगते. अंगणात मी सिमेंटचा हौद बांधून घेतला आहे. पाखरं येतात, खारी येतात, संध्याकाळी रोही येतात. भरपूर पाणी आहे. घरात फ्रिजही आला.

अन् दुपारी माझ्याआधी कोणी पाणी पीत नाही.

मी सांगून बघितलं, ओरडून बघितलं. आचलला दोनदा मारलंसुद्धा. "पे ना गं, मी कोन लागून गेली?" ती म्हणते, "तू पे ना आधी, मम्मी, काय होते?" अन् हसते. हेमराज ग्लास पुढे ठेवून पेपर वाचत बसतो. आत्याबाई आता थकल्या आहेत, तरी भिंतीला टेकून उभ्याच राहतात. मी खिडकीकडे बघत नाही, कारण हौदाच्या काठावर पाखरं गोल करून बसलेली असतात अन् त्यांची तोंडं पाण्याकडे नसतात, घराकडे असतात. पिपरीला गेले तर तिथेही दुपारी माझी आई, माझ्यासाठी कधी कशाला न थांबणारी माझी आई, तांब्या हातात घेऊन थांबते.

मला राग येतो. अजूनही तेवढाच येतो. पण तो काढायचा कोणावर? ज्याच्यावर काढायचा, त्याचा गडवा माझ्याच हातात आहे.

म्हणून मी रोज तो भरते, घाईघाईने पिते अन् खाली ठेवते. रोज ठेवते. अजून एकही दिवस असा गेला नाही, की मी तो ठेवला नाही. फक्त दर उन्हाळ्यात थोडा जास्त वेळ लागतो.